म्युच्युअल घटस्फोटाच्या मसुद्यात 'मुलासाठीही पोटगी मागणार नाही' असं कलम आहे. सही करू का?

वसुलीवाली

नमस्कार. नवऱ्याला शिव्या घालायला धागा काढलेला नाही, त्या घालून संपल्या. कायद्याचं थोडं समजून घ्यायचंय.

मी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे, पगार हातात २६,००० येतो. लग्न वैदिक पद्धतीने, नोंदणी झालेली. दीड वर्षापासून मुलासह माहेरी. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. मारहाण वगैरे नाही. जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि कोर्टात सिद्ध करण्यासारखं तर अजिबात नाही. दोघांनाही आता वेगळं व्हायचंय, त्यावर एकमत आहे. लग्नात एवढं एकमत कशावरच नव्हतं.

नवऱ्याचा जेसीबीचा धंदा आहे. दोन मशीन, एक त्याच्या नावावर, एक दिराच्या. आयटीआर (आयकर विवरणपत्र) दाखवतो वर्षाला ३ लाख ६० हजारांचा. त्याच्या नावावरच्या मशीनचा हप्ताच महिन्याला ६० हजारांच्या वर जातो. आमच्याकडे असा कर्जदार आला असता तर मी फाईल परत पाठवली असती.

त्याच्या वकिलाने मसुदा पाठवलाय. दोघांचा मिळून हाच एक वकील असेल, वेगळा खर्च कशाला, असा निरोप आहे. मसुद्यात तीन गोष्टी आहेत:

मला एकरकमी ४ लाख, कायमस्वरूपी पोटगी म्हणून. माझे दागिने परत.

"अर्जदार क्र. २ ही स्वतःकरिता तसेच अज्ञान मुलाकरिता भूतकाळातील, वर्तमानातील वा भविष्यातील कोणत्याही पोटगीची मागणी करणार नाही." (अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचा.)

मुलाचा कायमचा ताबा माझ्याकडे आणि वडील भेटीचा हक्क सोडून देत आहेत.

खरं सांगू? तिसरं वाचून मला हायसं वाटलं. दर आठवड्याला त्याचं तोंड बघायला नको. त्या बदल्यात पैसे सोडायला लागले तर सोडावेत, असं भाऊ म्हणतो. मामा तर म्हणतात कोर्टात तरी कशाला जायचं, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी करा आणि मोकळे व्हा. पण मुलगा मोठा होईल तेव्हा मी त्याचा हिशेब केला की नाही, हे डोक्यातून जात नाही. हिशेब हे माझं कामच आहे.

मुलाचा आत्ताचा महिन्याचा खर्च: शाळेची फी वर्षाला ५४,००० म्हणजे ४,५००. व्हॅन १,५००. बालदमा आहे, त्याचे पंप आणि डॉक्टर धरून १,२००. एक क्लास १,०००. खाणंपिणं, कपडे, वह्या, वाढदिवसाच्या भेटवस्तू मिळून ६,०००. एकूण १४,२००. घरभाडं धरलेलं नाही, आईवडिलांकडे राहते.

प्रश्न असे. हे कलम चालतं का? मुलाची पोटगी किती, याचं काही सूत्र असतं का? आणि त्याचं खरं उत्पन्न मी कसं दाखवू?

---

सरळसोट

ताई, सही करून मोकळ्या व्हा. माझ्या बहिणीने पोटगीसाठी केस लढवली. तारखा, तारखा, नुसत्या तारखा. हुकूम झाला तोही कागदावर, पुढे वसुलीसाठी परत वेगळा अर्ज. चार लाख रोख मिळताहेत ना? एफडी करा. मनाच्या शांतीला भाव नसतो.

---

तिसरा_बाक

फॅमिली कोर्टात वकिली करते, त्यामुळे जरा लांब लिहीन. तुमची फाईल मी पाहिलेली नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी मामांचं. स्टॅम्प पेपरवरच्या सोडचिठ्ठीने हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही, नोटरीचे कितीही शिक्के मारा. काही समाजांत रूढीने घटस्फोट होतो आणि कायदा त्याला मानतो, पण तशी रूढी आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नाहीतर तो कागद म्हणजे दोघांच्या दुसऱ्या लग्नात पेरून ठेवलेला सुरुंग. विषय संपला.

आता मसुदा. परस्पर संमतीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली होतो. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. पहिला अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी येऊन पुन्हा संमती सांगायची. हे सहा महिने माफ होऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात तसं म्हटलंय. पण त्यासाठी कोर्ट बघतं की पोटगी, ताबा, सगळं खरोखर मिटलंय का. घाईघाईत लिहिलेला मसुदा तिथेच अडतो.

तुमच्या दुसऱ्या कलमाचे दोन तुकडे करा. स्वतःसाठीची पोटगी सोडायची की नाही, ते तुम्ही ठरवा. ती सोडलीत तर सहसा सुटतेच. मुलाची पोटगी ही तुमची नाहीच, त्यामुळे तुम्हाला ती सोडता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दल कोर्ट हुकूमनाम्यानंतरही (म्हणजे घटस्फोट मंजूर झाल्यावरही) आदेश देऊ शकतं आणि दिलेले बदलू शकतं. म्हणजे तुम्ही सही केलीत तरी मुलाच्या वतीने उद्या अर्ज करता येईल. मग सही केली म्हणून बिघडलं कुठे? बिघडतं एवढंच की तुम्हाला नव्याने केस करावी लागेल, आणि समोरचा पहिल्या पानावर तुमचीच सही दाखवेल.

आता तिसरं कलम, ज्याने तुम्हाला हायसं वाटलं. तेही तितकंच कच्चं आहे हो. भेट हा जितका वडिलांचा हक्क, तितकाच मुलाचा. दोन वर्षांनी त्याला मुलाची आठवण आली, किंवा त्याच्या आईला नातवाची आली, तर तो भेटीसाठी अर्ज करेल आणि विशेष कारण नसेल तर कोर्ट भेट देईल. थोडक्यात, तो तुम्हाला जे विकतोय ते त्याच्याकडे विकायला नाहीच. आणि किंमत म्हणून जे मागतोय ते तुमच्याकडे नाही. या अदलाबदलीत बुडतो फक्त मुलगा. असे मसुदे महिन्यातून एकदा तरी टेबलावर येतात आणि दरवेळी मला तितकाच राग येतो.

सूत्र. आपल्याकडे टक्केवारीचं सूत्र नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीसाठी निव्वळ पगाराच्या २५ टक्के योग्य म्हटलं होतं, तेव्हापासून 'पंचवीस टक्के' हा आकडा चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. तो नियम नाही, आणि मुलासाठी तर नाहीच. मुलाच्या बाबतीत त्याच्या गरजा, त्याचं आधीचं राहणीमान आणि दोन्ही पालकांची ऐपत बघतात. आईही कमावत असेल तर भार दोघांवर. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा, सन २०००: आईचा पगार वडिलांच्या साधारण निम्मा होता, तर खर्च दोनास एक या प्रमाणात वाटला. तुमचे २६ हजार आणि त्याचे समजा ७८ धरले तर एकास तीन. १४,२०० तले त्याच्याकडे १०,६५० येतात. हा बोलणी सुरू करण्याचा आकडा आहे, भाकीत नव्हे.

आता उत्पन्न. रजनेश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल लिहून ठेवा. पोटगीच्या प्रकरणात दोघांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं: बँक खाती, आयकर विवरणं, कर्जं, गाड्या, दागिने, महिन्याचा खर्च. खोटं लिहिलं तर कारवाई मागता येते. याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हुकमाच्या तारखेपासून नाही. म्युच्युअलमध्ये हे शपथपत्र सहसा कोणी मागत नाही. तुम्ही मागा. मसुद्याला जोडून द्या म्हणावं, नुसतं मागितल्यानेही आकडे हलतात.

जेसीबीचं म्हणाल तर मशीनवर घसारा (मशीन जुनं होत जातं त्याची वजावट) वजा होतो, त्यामुळे आयटीआरमधला नफा बारीक दिसतो. त्यात लबाडीच असते असं नाही. पण हातात येणारा पैसा वेगळा असतो, म्हणून कोर्ट नुसत्या आयटीआरवर थांबत नाही. कर्जाचा हप्ता, जीएसटी विवरणपत्रं, खात्यातली उलाढाल, शाळेची फी आजवर कोणाच्या खात्यातून गेली, हे मांडा.

आणि 'दोघांचा एकच वकील' ही बचत करू नका. मसुदा त्याने पाठवलाय ना, मग तो त्याचाच वकील. फी परवडत नसेल तर बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत जा, नाहीतर १५१०० ला फोन करा. महाराष्ट्रात घटस्फोट-पोटगीच्या अर्जावर बायकांना कोर्ट फीही माफ आहे.

---

वसुलीवाली

@तिसरा_बाक, हे मी छापून भावाच्या हातात दिलं. तो गप्प आहे. (आमच्या घरात गप्प म्हणजे पटलं.)

@सरळसोट, तुमचा राग कळतो. पण चार लाख ही माझी पोटगी, त्यात मुलाचा वाटा शून्य. मुलाचीच धरली तरी तो १८ चा होईपर्यंत १२० महिने आहेत. महिना ३,३३३ होतात. आजची नुसती फीसुद्धा निघत नाही, दहावीचं तर सोडाच.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. समजा महिन्याला १० हजार ठरले. तीन महिने देईल, मग "साइट बंद आहे, पेमेंट अडकलंय" सुरू होईल. ही वाक्यं मी रोज ऐकते. जामीनदारही नाही. मग?

---

दर_शनिवार

मी पलीकडच्या बाजूचा. म्हणजे देणारा. माझा घटस्फोटही म्युच्युअलनेच झाला, मुलगी आईकडे, मी पोटगी देतो आणि शनिवार-रविवारी मुलगी माझ्याकडे असते.

देणाऱ्याच्या बाजूने काय चालतं ते सांगतो. आम्ही बँकेत स्थायी सूचना दिलीय, ५ तारखेला रक्कम आपोआप जाते. माझ्या हातात काही राहत नाही हे उत्तम, कारण महिनाअखेरीस भांडण झालं की हात आखडतोच माणसाचा. रोख कधीच देऊ-घेऊ नका. रोखीत देणाऱ्याकडे पुरावा नसतो आणि घेणाऱ्यावर विश्वास कोणी ठेवत नाही. शेऱ्यात 'पोटगी' आणि महिना लिहितो. शाळेची फी मी थेट शाळेत भरतो, ती पोटगीच्या रकमेच्या बाहेर. यात माझा स्वार्थही सांगतो: पैसे मुलीवरच जातात ना, हा किडा डोक्यात वळवळत नाही. वर्षाला ठरावीक टक्के वाढ करारातच आहे, त्यामुळे दरवर्षी घासाघीस नाही.

आजारपणाचा विमा विसरू नका. तुमचं नाव नवऱ्याच्या पॉलिसीत असेल तर घटस्फोटानंतर ते निघेल, मुलाचं राहू शकतं. दमा आहे म्हणता, तर हे आधी बघा.

आणि ताई, एक खटकलं ते बोलतो. 'त्याचं तोंड बघायला नको' हे तुमचं झालं. मुलाला विचारलंत का? माझ्या मुलीला कोणी असं परस्पर सोडून दिलं असतं तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

---

वसुलीवाली

नाही विचारलं. तो बाबाला जेसीबीचे फोटो मागतो, एवढं मला माहीत आहे.

---

समुपदेशक_निवृत्त

फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक म्हणून काम केलं आहे. १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा आला तो याचसाठी, की आधी समेटाचा प्रयत्न व्हावा. लोकांना वाटतं समेट म्हणजे परत नांदायला पाठवणार. तसं नाही. नीट वेगळं होण्यासाठीही समुपदेशकाची खोली असते. तुम्हा दोघांना वेगळं व्हायचंच आहे, तर तिथे बसून मुलाचं वेळापत्रक लिहून घ्या.

'भेटीचा हक्क राहील' असं मोघम लिहू नका. मोघम लिहिलं की दर सुट्टीत नवीन भांडण. कोणता शनिवार, किती वाजता न्यायचं, किती वाजता आणायचं, कोण आणून सोडणार. उन्हाळ्याच्या सुट्टीचे निम्मे दिवस कोणते. दिवाळीचे पाच दिवस कसे वाटायचे. गणपती त्याच्या घरी असतील तर त्या दिवशी मूल कुठे. मुलाचा फोन कधी. पंप बरोबर द्यायचे आणि ते कसे घ्यायचे हे वडिलांना ठाऊक हवं, हेसुद्धा लिहा. तुम्हाला त्याचं तोंड बघायचं नसेल तर देवाणघेवाण आजोबांनी करावी, असंही लिहिता येतं. खूप घरांत तसंच चालतं आणि बरं चालतं.

भेट आणि पोटगी यांची गाठ मात्र कुठेही मारू देऊ नका. पैसे दिले नाहीत म्हणून मूल दाखवणार नाही, मूल दाखवलं नाही म्हणून पैसे देणार नाही, ही दोन वाक्यं माझ्यासमोर इतक्या जोडप्यांनी म्हटली आहेत की खोलीत शिरतानाच ओठांवरून ओळखू यायची. कोर्ट दोन्ही ऐकत नाही.

---

तिसरा_बाक

वसुलीचा प्रश्न राहिला. तुमच्या आवडीचा आहे.

हिंदू विवाह कायद्याखालचा आदेश किंवा संमतीचा हुकूमनामा पाळला नाही तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी दरखास्त करता येते, म्हणजे जप्ती. मशीन त्याच्या नावावर आहे, हे इथे कामाला येतं. दुसरा रस्ता फौजदारी. पूर्वीचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. हे कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही मुलाला लागू आहे. अज्ञान मुलासाठी पोटगी मिळते आणि ती थकली तर वॉरंट निघतं. तरीही दिली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण एक मेख आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'देईल देईल' म्हणत दोन वर्षं थांबलेल्या बायकांचं जुनं येणं या रस्त्याने हातचं जातं. तुम्हाला मुदतबाह्य कर्ज म्हणजे काय हे शिकवायला नको.

जामीनदार नाही म्हणता. धंदेवाल्याचं उत्पन्न हलतं असतं, त्यामुळे मी असे करार दोन पायांवर उभे करते. महिन्याची रक्कम थोडी कमी मान्य करायची आणि त्याऐवजी एक ठोक रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत, कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडता येणार नाही अशी. साइट बंद पडली तरी फी अडत नाही. ठोक रक्कम कोर्टातल्या दुसऱ्या तारखेच्या आधी जमा झालीच पाहिजे, हेही लिहा. दुसऱ्या तारखेला संमती सांगेपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतं, त्याचा उपयोग असा करायचा.

आणि १८ वर्षांचं. कलम २६ काय आणि १४४ काय, मुलाच्या बाबतीत साधारण अज्ञान असेपर्यंतच चालतात. मुलीसाठी १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० लग्न होईपर्यंत उभं राहतं, ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर. मुलाला ती सोय नाही. तो बारावी होईल आणि नेमका इंजिनीअरिंगच्या फीच्या तोंडावर कायदा हात वर करेल. म्हणून संमतीच्या अटींत पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा निम्मा किंवा जे प्रमाण ठरेल तो खर्च वडिलांचा, असं वेगळं कलम घाला. कोर्ट स्वतःहून देणार नाही, पण दोघांनी लिहून दिलं तर ते बांधील.

तुमच्या गावात फॅमिली कोर्ट नसेल तर अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे होतो. समुपदेशक तिथे नसेल, पण मध्यस्थी मागता येते.

---

सरळसोट

मुदत ठेवीची कल्पना पटली. बहिणीला कोणी सांगितलं नव्हतं.

---

वसुलीवाली

मसुदा परत पाठवला. दुसरं कलम पूर्ण काढलं. माझ्यासाठीचे ४ लाख घेऊन माझा विषय मिटवते, मुलाचं वेगळं: महिना ८,०००, दरवर्षी वाढ, फी थेट शाळेत, मुलाच्या नावे ठेव, पदवीपर्यंत शिक्षणाचे तीन भाग त्याचे, एक माझा. मालमत्तेचं शपथपत्र दोघांचं, माझंही देते म्हटलं. भेट: दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, आणणं-नेणं माझे वडील करतील. ते तयार आहेत, जेसीबी बघायला मिळेल म्हणून नातवापेक्षा तेच खूष.

त्याच्या वकिलाचा फोन आला होता. म्हणाले, "मॅडम, भेट तर आम्ही मागितलीच नव्हती." मी म्हटलं, मुलाने मागितलीय.

एक शंका. विधी सेवा समितीत अर्ज करताना पगाराची स्लिप मागतील का? पगार २६ हजार बघून नाही म्हणायचे.

---

तिसरा_बाक

बायकांना उत्पन्नाची अट नाही. ओळखपत्र आणि हा मसुदा घेऊन जा. क्लार्क अडून बसला तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ म्हणा.